सर्जरी पोस्टिंगला जाताय? इन्स्ट्रुमेंट हातात घेण्याआधी एवढं वाचून जा

इंटर्नशिप सुरू झाली की लवकरच कोणीतरी तुमच्या हातात टूथ फोर्सेप (टोकाला दात असलेला चिमटा) आणि निडल होल्डर (सुई धरायची पक्कड) देतं आणि म्हणतं, घे, टाके घाल. फायनल इयरच्या व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) टेबलावर मांडलेली इन्स्ट्रुमेंट्स आपण ओळखलेली असतात, नाव आणि दोन उपयोग सांगितलेले असतात, स्टरिलायझेशन कसं करतात तेही घोकलेलं असतं, पण तेच इन्स्ट्रुमेंट जिवंत माणसाच्या टिश्यूवर किती जोरात दाबायचं हे तिथे कोणी विचारत नाही आणि मग ते शिकायचं राहूनच जातं. पुण्यात तुम्ही ससूनला असा नाहीतर दुसऱ्या कुठल्या मेडिकल कॉलेजला, कॅज्युअल्टीत दुचाकीवरून पडलेले पेशंट दिवसरात्र येत असतात, पहिल्या पावसात रस्ते निसरडे झाले की जास्तच, आणि त्यातल्या कितीतरी जखमा इंटर्न आणि जेआर वन (पहिल्या वर्षाचे ज्युनियर रेसिडेंट डॉक्टर) हेच शिवतात. म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

कुठलंही इन्स्ट्रुमेंट उचलायच्या आधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: मी जे आता पकडणार आहे ते शरीरात राहणार आहे का कापून बाहेर जाणार आहे? बाहेर जाणार असेल तर कोकर लावा, ॲलिस लावा (दोन्ही टोकाला दात असलेले, लॉक होणारे चिमटे), घट्ट धरा, काही बिघडत नाही. पण राहणार असेल तर तिथे चिरडली गेलेली प्रत्येक पेशी मरणार, मेलेल्या टिश्यूत रक्त जात नाही, रक्त नाही म्हणजे तुम्ही दिलेलं अँटिबायोटिकही तिथे नीट पोचत नाही, आणि बॅक्टेरियाला मात्र आयतं खाद्य मिळतं. पाचव्या दिवशी पेशंट जखमेतून पाणी येतंय म्हणून परत येतो तेव्हा आपण डायबेटीसला दोष देतो, ड्रेसिंगला दोष देतो, पण बऱ्याचदा सुरुवात आपल्या चिमट्यापासून झालेली असते. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला हॉलस्टेड नावाचे सर्जन होते (१८५२ ते १९२२), त्यांच्या नावाची तत्त्वं आजही जगभर शिकवतात: टिश्यू हळुवार हाताळा, रक्तस्राव नीट थांबवा, रक्तपुरवठा जपा, निर्जंतुकता पाळा, ताण देऊन शिवू नका, कडा बरोबर जुळवा, आत पोकळी सोडू नका. क्लोरोफॉर्म-ईथरच्या आधी पेशंट शुद्धीवर असायचा त्यामुळे भराभर उरकणं हाच मोठेपणा होता, भूल आल्यावर वेळ मिळाला आणि त्या वेळाचं करायचं काय ते हॉलस्टेडनी दाखवलं.

आता फोर्सेप, कारण सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं. नवीन माणसाला वाटतं की दातवाला फोर्सेप टोचतो म्हणजे तो वाईट आणि प्लेन गुळगुळीत म्हणजे तो सौम्य. कातडीच्या बाबतीत बरोबर उलटं आहे. प्लेन फोर्सेपने कातडी निसटते, निसटते म्हणून आपण अजून दाबतो, आणि दोन सपाट पात्यांमध्ये कड अक्षरशः चेपली जाते. टूथ फोर्सेपचे दात दोन-तीन टोकांवर रुततात आणि अगदी कमी जोरात पकड मिळते. म्हणून कातडीला बारीक टूथ, ॲडसन (बारीक टोकाचा छोटा फोर्सेप) मिळाला तर उत्तमच, आणि तोसुद्धा वरून चिमटीत धरायचा नाही, कडेच्या आतल्या बाजूने डर्मिस (कातडीचा आतला थर) किंवा त्याखालची चरबी धरायची. हात बसला की लक्षात येतं की कित्येकदा धरायची गरजच नसते, बंद फोर्सेपच्या टोकाने कड नुसती बाहेर ढकलली तरी सुई जाते. स्किन हुक असेल तर तो सगळ्यात चांगला, तो काही चेपतच नाही.

आतडं, रक्तवाहिनी, पेरिटोनियम (पोटाचं आतलं अस्तर), इथे मात्र दात नको, दात आतड्याला भोक पाडतात. इथे प्लेन किंवा डिबेकी. डिबेकीच्या पात्यांवर बारीक दात्यांच्या लांब ओळी असतात त्यामुळे दाब पसरतो आणि वस्तू निसटतही नाही, हार्ट सर्जन मायकेल डिबेकींच्या नावाचा हा फोर्सेप रक्तवाहिन्यांसाठी बनला आणि आता सगळीकडे वापरतात. रक्तवाहिनी धरताना पूर्ण भिंत पकडू नका, वरचं ॲडव्हेंटिशिया (बाहेरचं आवरण) तेवढं धरा. ॲलिस आणि बॅबकॉकमध्ये गोंधळ होतो, दोन्हींची ठेवण सारखी दिसते, पण ॲलिसच्या टोकाला दात आहेत आणि बॅबकॉकच्या टोकाला गोलसर मोकळी खिडकी, त्यामुळे अपेंडिक्स, ट्यूब (गर्भनलिका), आतडं यांना बॅबकॉक, आणि ॲलिस कठीण टिश्यूला किंवा जे काढायचंय त्याला. कोकरला टोकाशी दात असतात आणि त्याची पकड जबरदस्त, तो जिथे लावला तिथला टिश्यू गेला असंच समजा. (थिओडोर कोकर यांना थायरॉइडवरच्या कामासाठी १९०९ चं नोबेल मिळालं, आणि त्यांची ख्याती शांत, नेमक्या, रक्त न सांडणाऱ्या सर्जरीसाठी होती, हे मला फार आवडतं.)

फोर्सेप धरायचा डाव्या हातात, अंगठा एका बाजूला आणि तर्जनी-मधलं बोट दुसऱ्या बाजूला, मागचं टोक हाताच्या बेचक्यावर टेकलेलं, मुठीत आवळून नाही. एक प्रयोग घरी नक्की करा, स्वतःच्या अंगठा आणि तर्जनीमधल्या कातडीला प्लेन फोर्सेपने धरा आणि ओढल्यावर निसटणार नाही इतपत दाबा, मग तेच बारीक टूथने करा. दोन्हीत किती फरक आहे आणि कितीसा जोर पुरतो हे जे तुम्हाला कळेल ते वाचून कळणार नाही.

ब्लेडचे आकडे पाठ असतात तरी ऐनवेळी गडबड होते. तीन नंबरच्या बीपी हँडलला (ब्लेड बसवायच्या दांड्याला) १०, ११, १२, १५ बसतात, चार नंबरला २० ते २४. साध्या चिऱ्याला १० किंवा २२, बारीक कामाला आणि चेहऱ्याला १५, गळू फोडायला टोकदार ११. ब्लेड बोटांनी चढवायचं नाही आणि काढायचं नाही, आर्टरीने (म्हणजे आर्टरी फोर्सेप, रक्तवाहिनी धरायचा लॉकवाला चिमटा) किंवा जुन्या निडल होल्डरने धरून, टोक स्वतःपासून आणि शेजारच्यापासून लांब. चिरा देताना दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरा, ब्लेड कातडीला काटकोनात, टोकाने ओरखडत नाही तर ब्लेडच्या पोटाने, एका सलग हालचालीत. घाबरून चार-पाच वेळा थोडं थोडं कापलं की आत पायऱ्या पडतात, मधल्या पट्ट्यांचं रक्त तुटतं आणि मग शिवताना कडा जुळत नाहीत. डोक्यावर आणि भुवईजवळ मात्र केसांच्या मुळांच्या तिरकेपणाला समांतर कापायचं म्हणजे मुळं तुटत नाहीत, आणि भुवई कधीही भादरायची नाही, टाके घालताना ती जुळवायची खूणच निघून जाते.

कात्रीचं थोडक्यात. मेयो जाड, फॅशिया (स्नायूंवरचं चिवट आवरण) आणि दोरा यासाठी. मेट्झेनबॉम नाजूक, तिचे दांडे लांब आणि पाती छोटी, ती फक्त टिश्यूसाठी, तिने दोरा किंवा ड्रेसिंग कापलं की धार जाते आणि मग ती कापण्याऐवजी चावायला लागते, पुढच्या पेशंटला त्याचा त्रास. थर मोकळे करताना कात्री बंद आत घाला, उघडा, उघडीच बाहेर काढा, आणि नर्व्ह-व्हेसल (नसा आणि रक्तवाहिन्या) ज्या दिशेने धावतात त्याच दिशेने उघडा, आडवी नाही. टोकं दिसत नसतील तर कापू नका.

रक्त दिसलं की हात थरथरतो आणि आर्टरी खुपसावीशी वाटते, इथे थांबा. गॉज ठेवा, दाबा, आणि घड्याळ बघून पाच मिनिटं दाबून ठेवा, मधे उचलून बघू नका. बरंचसं रक्त एवढ्यानेच थांबतं. मनगटाला, हाताला, मानेला रक्ताच्या थारोळ्यात अंदाजाने आर्टरी लावणं म्हणजे शेजारची नर्व्ह चिमटीत सापडायची भीती, आणि रक्तवाहिनी नंतर जोडता येते पण चिरडलेल्या नर्व्हने हाताचं जे होतं ते आयुष्यभराचं. रक्तवाहिनी दिसली, तेवढीच दिसली, तर मॉस्किटोच्या (छोट्या, बारीक टोकाच्या आर्टरीच्या) नुसत्या टोकात धरा, आजूबाजूची चरबी न घेता. रक्त टिपताना गॉज दाबून उचलायचा, घासायचा नाही, घासलं की नुकत्याच बसलेल्या गुठळ्या निघतात आणि परत रक्त सुरू. कॉटरीही (विजेने जाळून रक्त थांबवायचं साधन) तशीच, रक्त येणाऱ्या टोकाला क्षणभर स्पर्श पुरे, काळा कोळसा झाला म्हणजे तेवढा टिश्यू तुम्ही मारलात, आणि कातडीच्या कडेला तर कॉटरी लावूच नका.

आता जे काम तुमच्या वाट्याला रोज येणार आहे, सीएलडब्ल्यू (ठेचून फाटलेली जखम) शिवणं. लोकल (तेवढ्या जागेपुरती भूल) द्यायच्या आधी जखमेच्या पुढची संवेदना आणि बोटांची हालचाल तपासा आणि लिहून ठेवा, लोकल दिल्यावर नर्व्ह गेली होती का भुलीमुळे कळत नाहीये हे कोणालाच सांगता येत नाही. टिटॅनसचं विचारा. कुत्रं चावलेलं असेल तर टाक्यांची घाई नको, धुणं आणि रेबीज इम्युनोग्लोब्युलिन आधी, शिवायचं का ते सिनियरला विचारा. लोकल बारीक २६ नंबरच्या सुईने, जखमेच्या आतल्या कडेतून, हळू हळू, कारण दुखतं ते औषध भसकन आत गेल्याने टिश्यू ताणला जातो म्हणून. साध्या लिग्नोकेनची (लोकलचं औषध, ॲड्रेनालिन नसलेलं) मर्यादा ३ मिग्रॅ प्रति किलो धरा, २ टक्के म्हणजे एका मिलीत २० मिग्रॅ, म्हणजे ५० किलोच्या माणसाला साडेसात मिलीच्या पुढे जाऊ नका.

मग धुवा, आणि खरंच धुवा. २० सीसीची सिरिंज आणि १८ नंबरच्या सुईने सलाइनचा फवारा मारत, हातात येतील ते खडे आणि डांबराचे कण काढत. रस्त्यावरची घाण पहिल्या दिवशी निघाली नाही तर ती कातडीखाली निळसर-काळी कायमची राहते, चेहऱ्यावर असेल तर त्या मुलाला किंवा मुलीला रोज आरशात दिसणार. बेटाडीन आजूबाजूच्या कातडीला, जखमेच्या आत तसंच ओतू नका, हायड्रोजन पेरॉक्साइडही नको, दोन्हींनी जंतूंबरोबर भरून आणणाऱ्या पेशीही मरतात. काळपट, लोंबणारा, रक्त न येणारा तुकडा काढून टाका, पण चेहऱ्यावर हात राखून, तिथला रक्तपुरवठा इतका चांगला असतो की ज्याची आशा वाटत नाही तेही जगतं.

निडल होल्डरमध्ये सुई होल्डरच्या टोकाशी धरायची, आणि सुईच्या टोकापासून साधारण दोन-तृतीयांश अंतरावर, मागच्या दोऱ्याच्या जोडाजवळ धरली तर ती वाकते. अंगठा आणि अनामिका कड्यांमध्ये, तेही पेरापर्यंतच, तर्जनी दांड्यावर टेकवा म्हणजे टोक हलत नाही. सुई कातडीत काटकोनात शिरली पाहिजे आणि पुढची हालचाल मनगट फिरवून व्हायला हवी, सुईला स्वतःची गोलाई आहे त्या गोलाईने जाऊ द्या, सरळ ढकललीत तर टिश्यू फाटतो. बाहेर आलेली सुई टोकाला धरून ओढू नका, धार जाते, थोडं मागे धरून काढा. टाका हातापायाला कडेपासून साधारण ५ मिमी, चेहऱ्याला २-३ मिमी, आणि दोन्ही बाजूंना अंतर आणि खोली सारखी. दोरा डोक्याला ३-० (पहिला आकडा जितका मोठा तितका दोरा बारीक), हातापायाला ३-० किंवा ४-० नायलॉन, चेहऱ्याला ५-० किंवा ६-०.

आणि गाठ. ही गोष्ट मी प्रत्येक बॅचला सांगते आणि तरीही सांगत राहीन, टाका जखम जुळवण्यासाठी असतो, आवळण्यासाठी नाही. पुढचे दोन दिवस जखमेला सूज येणारच आहे, आज घट्ट बसलेला टाका उद्या गळफास होणार. टाक्याच्या खाली कातडी पांढरी पडली तर तो टाका कापा आणि परत घाला, पेशंटच्या नातेवाइकांसमोर घालावा लागला तरी घाला. आत विनाकारण जास्त दोरा ठेवू नका, टोकं आखूड कापा. १९५७ साली माणसांवर झालेल्या एका प्रयोगात दिसलं होतं की कातडीत पू व्हायला एरवी स्टॅफिलोकॉकस जंतू लाखोंच्या संख्येने लागतात, तिथेच रेशमाचा टाका असेल तर काही शेच पुरतात. टाके काढायचे ते चेहऱ्याचे पाचव्या दिवसापर्यंत, डोक्याचे ७ ते १०, हातापायाचे १० ते १४, उशीर केला की आडव्या रेघा राहतात. हे पेशंटला तोंडी सांगून भागत नाही, कागदावर तारीख लिहून द्या, आणि काका-मावशी कोणी बरोबर असतील तर त्यांनाही सांगा.

रक्तपुरवठा जपला तर काय होऊ शकतं याचं एक उदाहरण आपल्या पुण्याजवळचंच आहे. कावसजी नावाचा इंग्रजी सैन्यातला बैलगाडीवान टिपूच्या सैन्याच्या हाती लागला, त्याचं नाक कापलं गेलं, आणि वर्षभराने पुण्याजवळच्या, विटा घडवणाऱ्या समाजातल्या एका कारागिराने त्याच्या कपाळाच्या कातडीतून नवीन नाक बसवलं. दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिल्याचं १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या एका मासिकात चित्रासह छापून आलं आणि युरोपात प्लास्टिक सर्जरीला तिथून नवी सुरुवात झाली. त्यातला बारकावा बघा, नाकाचा साचा मेणाचा, तो कपाळावर सपाट ठेवून तेवढीच कातडी उचलली पण दोन भुवयांमधला पट्टा तोडला नाही, कारण रक्त तिथूनच येणार. टाका एकही नाही, काथात भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्यांनी कडा धरून ठेवल्या. नवीन नाक रुजल्यावर, साधारण पंचविसाव्या दिवशी, तो पट्टा सोडवला. भूल नाही, डिबेकी नाही, कॉटरी नाही. मुळाशी रक्त चालू ठेवायचं आणि कडा न चेपता जुळवायच्या, तुमच्या हातातल्या कपाळाच्या किंवा नडगीच्या त्रिकोणी फ्लॅपलाही (एका बाजूने जोडलेल्या कातडीच्या तुकड्यालाही) हेच लागू आहे, म्हणूनच त्याच्या टोकाला टाका घालताना टोकाच्या आरपार जायचं नाही, आतल्या डर्मिसमधून आडवं जायचं म्हणजे टोक काळं पडत नाही.

मेजर ओटीत (मोठ्या ऑपरेशन थिएटरमध्ये) तुम्हाला बहुतेक रिट्रॅक्टरच (जखमेच्या कडा बाजूला ओढून धरायचं साधन) धरायला देतील आणि ते काम हलकं समजू नका. रिट्रॅक्टरखाली ओला मॉप (गॉजची मोठी घडी) ठेवा, जोर दाखवायला ओढू नका, दिसेल एवढंच ओढा आणि सर्जन दोरा कापत असतील, मॉप मोजत असतील तेव्हा ढील द्या. ओटीपोटाच्या सर्जरीत सेल्फ-रिटेनिंग (आपोआप उघडा राहणाऱ्या) रिट्रॅक्टरची खोल पाती सोअस स्नायूवर (कमरेच्या आतल्या बाजूच्या) तासन्‌तास दाबून राहिली तर फिमोरल नर्व्ह (मांडीची नस) दबून लुळी पडते आणि पेशंटला उठल्यावर गुडघा सरळ ठेवता येत नाही. ओमेंटम (आतड्यांवरचा चरबीचा पदर) खस्सकन ओढलं तर स्प्लीनचं (प्लीहेचं) कवच फाटतं, सर्जनचा हात तिथे गेलेलाही नसतो. आतडी बाहेर असतील तर कोमट सलाइनचे ओले मॉप त्यावर हवेतच, सुकलेली आणि कोरड्या गॉजने घासलेली सिरोसा (आतड्याचं बाहेरचं पातळ आवरण) नंतर चिकटते, आणि तो माणूस काही वर्षांनी पोट फुगून उलट्या होत परत येतो. मॉप सुकलाय असं दिसलं तर सांगा, सिस्टर सलाइन देतात, कोणी रागवत नाही.

सराव कसा करायचा ते सांगते. सदाशिव पेठेतल्या किंवा हॉस्पिटलजवळच्या सर्जिकलच्या दुकानातून एक साधा सेट घ्या: निडल होल्डर, ॲडसन टूथ, दोन आर्टरी, एक मेयो कात्री. घेताना उजेडाकडे धरून बघा, आर्टरी पहिल्या लॉकला बंद केल्यावर टोकं आधी मिळायला हवीत, टोकात फट दिसली तर परत द्या. फोर्सेपचे दात एकमेकांत नीट बसतात का, कात्री ओला गॉज टोकाने स्वच्छ कापते का, हेही तिथेच बघा. ओटीच्या सिस्टरना नीट विनंती केलीत तर एक्सपायरी झालेले दोरे मिळतात, त्यांच्याशी चांगलं वागा, इन्स्ट्रुमेंटबद्दल त्यांना जे माहीत आहे ते आपल्याला शिकायला वर्षं लागतात.

शिवायला चिकनची तंगडी उत्तम, फक्त चिकनवाल्याला आधीच सांगा की स्किन काढू नका, नाहीतर तो सवयीने सोलूनच देतो. कॅम्पात शिवाजी मार्केटला गेलात तर बकऱ्याचे पाय मिळतील, ते न भाजलेले मागा. रूमवर मांसाहार चालत नसेल तर केळ्याची साल घ्या, आणि खरं तर हळुवारपणा शिकायला तीच जास्त चांगली, कारण फोर्सेप जोरात दाबलात की अर्ध्या तासात तिथे काळा डाग उठतो आणि टाका घट्ट बसला की साल फाटते, तुमची प्रत्येक चूक समोर दिसते. सुश्रुत आपल्या शिष्यांना कोहळा, दुधी, कलिंगड, काकडीवर छेद द्यायला आणि कापडावर, मऊ चामड्यावर शिवायला लावायचे, त्यामुळे यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही. रोज थोडं करा, सुरुवातीला वेगाकडे बघू नका, सुई काटकोनात गेली का आणि कड चेपली का एवढंच बघा.

काम संपल्यावर ट्रे तसाच सोडून जाऊ नका. इन्स्ट्रुमेंट सलाइनमध्ये बुडवून ठेवायची नाहीत, मिठाने स्टीलला खड्डे पडतात, साध्या पाण्यात ठेवा, सगळी लॉक उघडून ब्रशने सांध्यात घासा कारण रक्त तिथेच सुकतं आणि ऑटोक्लेव्हची वाफ सुकलेल्या रक्ताखाली नीट पोचत नाही. ट्रे धुवायला मावशींकडे जायच्या आधी ब्लेड आणि सुया तुम्ही स्वतः काढा, मोजा आणि पांढऱ्या शार्प्सच्या डब्यात टाका, सुईला परत टोपण लावायचं नाही, आणि एक जरी सुई कमी भरली तर ती सापडेपर्यंत ट्रे कोणाच्याही हातात देऊ नका.